छातीतल्या लिम्फ नोडमध्ये सुई घालताना नेमकं काय सांभाळायचं?

जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका तरुण छातीविकार तज्ज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा: रुग्णालयात नुकतीच ईबसची (टोकाला सोनोग्राफी असलेली, श्वासनलिकेतून घालायची) दुर्बीण आली आहे, प्रशिक्षणही झालं आहे, पण 4आर किंवा 4एल स्टेशनला (छातीतल्या लिम्फ नोडच्या, म्हणजे गाठींच्या, जागांना आकडे दिलेले असतात; आर उजवी, एल डावी) सुई घालायची वेळ आली की पडद्यावर महाधमनी आणि फुप्फुस धमनी इतक्या जवळ दिसतात की हात थांबतो. रक्तस्राव होऊ नये म्हणून काय करावं? आणि त्यापेक्षा सीटीखाली बाहेरून सुई घालणं जास्त सुरक्षित नाही का?

तुमची भीती चुकीची नाही, पण ती सगळी एकाच जागी गोळा झाली आहे. ईबसमध्ये सुईचं टोक तुम्हाला त्याच क्षणी दिसत असतं, डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, रक्तवाहिनी ओळखता येते आणि सुई 21 किंवा 22 गेजची, म्हणजे बारीक असते. त्यामुळे जिवावर बेतणारा रक्तस्राव फार क्वचित होतो. रोजच्या कामात रुग्णाचं नुकसान होतं ते दुसऱ्याच ठिकाणी: गुंगीत ऑक्सिजन उतरतो, सडलेल्या गाठीत जंतू शिरतात आणि सगळ्यात जास्त वेळा नमुना अपुरा किंवा चुकीच्या बाटलीत जातो. हा शेवटचा मुद्दा आपण गुंतागुंतीत मोजत नाही, पण मोजायला हवा. नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून अंदाजाने एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली आणि गाठ लिम्फोमाची (लिम्फ नोडच्या कर्करोगाची) निघाली, तर त्या रुग्णाचे महिने वाया जातात. म्हणून माझ्या लेखी सुरक्षित बायोप्सी म्हणजे पहिल्याच खेपेत, कमीत कमी धोक्याच्या वाटेने, पुरेसा नमुना मिळवणं.

काही गोष्टी तुमच्याकडच्या सोयींवर अवलंबून राहतील. टेबलाशेजारी स्लाइड पाहणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत का, भूलतज्ज्ञ हजर असतात का, फ्लो सायटोमेट्रीचा (लिम्फोमासाठी पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या चाचणीचा) नमुना दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो का, यावर बरंच ठरतं. खाली सांगतो तो क्रम या सगळ्या सोयी नसल्या तरी चालतो.

दुर्बीण हातात घेण्याआधी रुग्णाची मान तपासा. बोटांनी तपासा आणि वर सोनोग्राफीचा प्रोबही फिरवा. गळ्याच्या हाडाच्या (कॉलर बोनच्या) वरच्या खळगीत 8–10 मिलिमीटरची गाठ असेल तर ती बोटाला लागत नाही, सोनोग्राफीत मात्र स्पष्ट दिसते. तिच्यातून सुईने घेतलेला नमुना छातीतल्या नमुन्याइतकंच सांगतो, धोका जवळपास नाही आणि फुप्फुसाचा कर्करोग असेल तर एन3 टप्पा (कॉलर बोनवरच्या किंवा विरुद्ध बाजूच्या गाठींपर्यंत पसरलेला) तिथेच सिद्ध होतो. काखेतली गाठ किंवा छातीत साठलेलं पाणी असेल तर तिथला नमुनाही असाच आधी घ्या, फक्त तिथे कर्कपेशी सापडल्या तर टप्पा एन3 नाही, एम1 (दूर पसरलेला) ठरतो. ईबस नवा असताना प्रत्येक गाठ ईबसची वाटायला लागते, म्हणून हे आधी सांगितलं.

मग सीटी. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलेला असावा, आणि अहवालावर विसंबू नका, चित्रं स्वतः पाहा. 4आर श्वासनलिकेच्या उजवीकडे, ऊर्ध्व महाशिरेच्या मागे असतं आणि त्याच्या खालच्या कडेला ॲझायगस शीर कमान घेते. ही शीर ईबसवर गोल, काळसर दिसते आणि नवख्या डोळ्याला हमखास गाठ वाटते. 4एल महाधमनीची कमान आणि डावी फुप्फुस धमनी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असतं. 7 हे श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली, त्याच्या मागे अन्ननलिका. हे स्टेशन मोठं आणि हात बसवायला सगळ्यात चांगलं. सुरुवातीची प्रकरणं इथलीच घ्या, मग 4आर, 11आर, 11एल, आणि 4एल शेवटी. 5 आणि 6 या महाधमनीच्या बाहेरच्या अंगाच्या गाठी ईबसच्या नेहमीच्या वाटेत येतच नाहीत. 8 आणि 9 साठी हीच दुर्बीण अन्ननलिकेतून घालता येते.

सीटीवर गाठ कॉन्ट्रास्टने रक्तवाहिनीइतकीच उजळत असेल तर थांबा. ती कॅसलमन आजाराची किंवा पॅरागँग्लिओमाची (दोन्ही रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी) असू शकते, कधी धमनीचा फुगवटाही निघतो. आतून पाणी भरल्यासारखी, एकसारखी कमी घनतेची गोल पिशवी असेल तर ती ब्राँकोजेनिक सिस्ट असू शकते. तिला सुई लावली की तोंडातले जंतू तिच्यात जातात आणि बिनत्रासाची पिशवी पुवाची होते. हायडॅटिडची (परजीवी जंताच्या पिशवीची) शंका असेल तर सुई नकोच.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल मोजकंच सांगतो. ॲस्पिरिन चालू ठेवता येतं. क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस आधी बंद, पण हृदयात स्टेंट नवा असेल तर कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय हात लावू नका. वॉरफरिन 5 दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) 1.5 च्या आत आणायचा. नव्या तोंडी औषधांना मूत्रपिंड ठीक असेल तर साधारण 48 तास. उपचाराच्या मात्रेतलं हेपारिनचं इंजेक्शन 24 तास आधी थांबवायचं. प्लेटलेट 50,000 च्या वर असाव्यात. क्रिएटिनिन पाहायला विसरू नका, कारण युरेमियात (मूत्रपिंड निकामी होऊन रक्तात घाण साचते तेव्हा) प्लेटलेटचा आकडा चांगला असूनही त्या काम करत नाहीत. लिम्फोमाची शंका असेल तर बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नका. दम लागतोय म्हणून बाहेर आधीच दिलेलं असतं, ते मुद्दाम विचारा. गाठ आकसते आणि नमुन्यातून निदान निघत नाही.

आता टेबलावरचा खरा धोका, भूल आणि गुंगी. लिग्नोकेनचा हिशोब कागदावर मांडा. 10 टक्क्यांच्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे 10 मिलिग्रॅम. 1 टक्का द्रावणाचे 2 मिली म्हणजे 20 मिलिग्रॅम, 2 टक्क्यांचे तेवढेच मिली म्हणजे दुप्पट. एकूण मात्रा 8 मिलिग्रॅम प्रति किलोच्या पुढे नेऊ नये. टीबीने खंगलेला रुग्ण 40 किलोचा असतो, म्हणजे त्याची मर्यादा 320 मिलिग्रॅम. घशात पाच फवारे आणि खाली 2 टक्क्यांच्या 2 मिलीच्या सात पिचकाऱ्या, इतक्यात 330 होतात आणि मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून 1 टक्का वापरा. त्यानेही स्वरयंत्र आणि श्वासनलिका पुरेशी बधिर होते. ओठ बधिर होणं, कानात आवाज येणं ही विषबाधेची पहिली लक्षणं गुंगीतला रुग्ण सांगू शकत नाही, थेट फिट येते.

मिडॅझोलाम 1 मिलिग्रॅमने सुरू करा, दोन मिनिटं थांबा, मग हवं तर पुढचा. फेंटॅनिल 25 मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी. उतारा म्हणून फ्लुमॅझेनिल आणि नॅलोक्सोन ट्रेमध्येच हवेत, कपाटात नकोत. ईबसची दुर्बीण टोकाला जवळपास 7 मिलिमीटर जाड असते आणि श्वासनलिकेतली बरीच जागा अडवते, म्हणून ऑक्सिजन पहिल्यापासून लावा. शक्य असेल तर कॅप्नोग्राफी (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) ठेवा, कारण ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावल्याचं पल्स ऑक्सिमीटर उशिरा सांगतो. पूर्ण भूल देणार असाल तर श्वासनलिकेत घालायच्या नळीपेक्षा स्वरयंत्रावर बसणारा लॅरिंजियल मास्क बरा. नळी घातली तर वरची 2 आणि 4 ही स्टेशनं तिच्या आड जातात. ऊर्ध्व महाशिरेचा अडथळा असलेल्या रुग्णाची सलाइनची सुई पायात लावा आणि डोकं उंच ठेवा.

दुर्बीण तोंडातून, दातांमध्ये गार्ड ठेवून घालायची. तिची नजर सरळ नसते, 30–35 अंश वर वळलेली असते. त्यामुळे स्वरतंतूंमधून जाताना फक्त त्यांचा पुढचा कोपरा दिसायला हवा. पूर्ण स्वरयंत्र मध्यभागी दिसत असताना पुढे ढकललं तर टोक मागच्या बाजूला आदळतं. आत गेल्यावर दुर्बिणीच्या टोकावरच्या फुग्यात 0.3 ते 0.5 मिली सलाइन पुरतं. लेटेक्सची ॲलर्जी आधी विचारून घ्या.

स्टेशन ओळखताना उलट क्रम लावा, आधी रक्तवाहिनी, मग गाठ. 4एलला जाताना पहिल्यांदा महाधमनी आणि फुप्फुस धमनी दोन्ही एकाच चित्रात आणा, त्यांच्या मधली राखाडी जागा ती गाठ. एकदा दोन खांब दिसले की मधल्या दारातून जायला हात घाबरत नाही. डॉप्लर लावताना दुर्बिणीचा दाब जरा सैल करा. जोरात दाबलेली शीर चपटी होते, प्रवाह दिसत नाही आणि ॲझायगसला गाठ समजून सुई जाते. गाठीच्या पलीकडे काय आहे तेही मोजा. गाठ 12 मिलिमीटरची आणि तिच्यामागे धमनी असेल तर सुईचा थांबा त्याआधीच लावून ठेवा.

आता जो टप्पा घाईत होतो त्यावर जरा थांबूया. सुई दुर्बिणीत घालताना टोक सरळ हवं. वाकवलेल्या टोकातून सुई ढकलली तर आतली वाहिनी फाटते, आणि तिच्या दुरुस्तीचं बिल पाहून प्रशासन पुढचे तीन महिने ईबस कुलपात ठेवतं. सुईचं हँडल दुर्बिणीला घट्ट बसवा. मग शीथ (सुईवरचं म्यान) एवढीच बाहेर काढा की ती कॅमेऱ्याच्या चित्रात कडेला जेमतेम दिसेल, आणि तिथे स्क्रू कसा. शीथ दिसल्याशिवाय सुई पुढे न्यायची नाही, याला अपवाद नाही. शीथ आत असताना सुई सोडली तर ती वाहिनीच्या भिंतीत घुसते. फार बाहेर असेल तर प्रोब भिंतीपासून उचलला जातो आणि चित्र जातं.

भोसकण्याआधी स्टायलेट (सुईच्या आतली तार) थोडी मागे ओढा म्हणजे सुईची धार मोकळी होते. दोन कूर्चांच्या मधल्या मऊ जागेत सुई जायला हवी. कडक लागलं तर जोर लावू नका, दुर्बीण दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करा. सहायकाने तोंडापाशी दुर्बीण धरून ठेवायची, नाहीतर सुई ढकलताना दुर्बीणच मागे सरकते आणि सुई गेली असं नुसतं वाटतं. टोक गाठीत दिसलं की स्टायलेट आतबाहेर करून श्वासनलिकेच्या भिंतीचा अडकलेला तुकडा बाहेर ढकला, मग स्टायलेट काढा. ही पायरी गाळली की स्लाइडवर कूर्चा आणि श्वासनलिकेच्या पेशीच दिसतात.

मग 10 ते 15 हेलकावे, पडद्यावर टोक सतत दिसत ठेवून. एकाच बोगद्यात सुई मागेपुढे करू नका. दुर्बिणीचा कोन किंचित बदलत गाठीच्या वेगवेगळ्या भागांत न्या, कडेच्या भागातही, कारण मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा मृत असतो. टोक दिसेनासं झालं तर हात तिथेच थांबवा आणि आधी ते शोधा. रुग्णाला खोकल्याची उबळ आली तर सुई शीथमध्ये घ्या. खोकताना गाठीत राहिलेली सुई फाडत जाते. काढताना आधी चोषण (सिरिंजने आत ओढणं) बंद, मग सुई पूर्ण शीथमध्ये, खटका वाजला याची खात्री, आणि त्यानंतरच हँडल सोडवायचं.

चोषण हवंच असं नाही. 20 मिलीची लॉक होणारी सिरिंज बहुतेक गाठींना चालते, पण डॉप्लरवर गाठीत भरपूर प्रवाह दिसला तर चोषणाशिवाय घ्या किंवा स्टायलेट सावकाश मागे ओढत घ्या. रक्ताने भरलेल्या नमुन्यात पेशी हरवतात. सिरिंजमध्ये रक्त आलं तर चोषण तत्काळ सोडा, सुई काढा आणि दुर्बिणीचं टोक, फुगा फुगवून, त्याच जागी दोन-तीन मिनिटं दाबून धरा. बहुतेक वेळा एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर थंडगार सलाइन, 1:10,000 चं ॲड्रेनॅलिन आणि रक्त येणारी बाजू खाली. धमनीतून आरपार जाऊन पलीकडची गाठ घेणं हे काही मोठ्या केंद्रांत होतं. तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

किती वेळा घ्यायचं? शेजारी पॅथॉलॉजिस्ट नसतील तर प्रत्येक गाठीतून किमान तीन पास (एकदा सुई घालून, नमुना घेऊन बाहेर काढणं म्हणजे एक पास). कर्करोगाच्या जनुक चाचण्या करायच्या असतील तर चार-पाच. पीडी-एल1 (इम्युनोथेरपी द्यायची का हे ठरवताना पाहिलं जाणारं प्रथिन) साठी लागणाऱ्या प्रचलित चाचणीला किमान 100 जिवंत कर्कपेशी हव्या असतात, त्या दोन पासमध्ये मिळतीलच असं नाही. लिम्फोमा किंवा सारकॉइडच्या (संसर्ग नसतानाही गाठी सुजवणाऱ्या आजाराच्या) शंकेत त्याहून जास्त, आणि मिळाली तर 19 गेजची, म्हणजे जाड, सुई. कर्करोगाचा टप्पा ठरवताना क्रम पक्का ठेवा: आधी विरुद्ध बाजूच्या एन3 गाठी, मग एन2 (त्याच बाजूच्या, छातीच्या मध्यभागातल्या), शेवटी एन1 (फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या). उलट गेलात तर सुईला लागलेल्या कर्कपेशी वरच्या टप्प्याच्या गाठीत सापडतात आणि शस्त्रक्रियेने बरा होणारा रुग्ण शस्त्रक्रियेबाहेर जातो. पेट-सीटीवर गाठ चमकली एवढ्यावर तर टप्पा कधीच ठरवू नका. आपल्याकडे टीबी आणि धुराने काळवंडलेल्या गाठीही तशाच चमकतात.

नमुन्याच्या बाटल्या रुग्ण आत येण्याआधी नाव घालून मांडून ठेवा. पहिल्या पासचे थेंब स्लाइडवर: काही हवेत वाळवायच्या, काही लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये. लगेच म्हणजे सेकंदांत, कारण अर्धवट वाळलेली स्लाइड अल्कोहोलमध्ये घातली तर पेशी फुगतात आणि वाचता येत नाहीत. सुईत रक्ताची लांब गुठळी आली तर ती टाकून देऊ नका. स्टायलेटने हलकेच ढकलून ती अखंड फॉर्मॅलिनमध्ये घाला, सेल ब्लॉकचा (पेशी मेणात जमवून पातळ कापायच्या ठोकळ्याचा) सगळ्यात चांगला माल बहुतेकदा तोच असतो. टीबीसाठी एक पूर्ण पास, जमल्यास दोन, 2 ते 3 मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) आणि एमजीआयटी कल्चरसाठी (द्रव माध्यमात जंतू वाढवून पाहण्यासाठी). ही बाटली फॉर्मॅलिनची असता कामा नये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर वाढत नाही आणि औषधाला दाद न देणारा टीबी ओळखण्याची संधी जाते. ही चूक कोणी हलगर्जीपणाने करत नाही. नर्सने रोजच्या सवयीने फॉर्मॅलिन भरून ठेवलेलं असतं, म्हणून झाकणाचा रंग वेगळा ठेवा. लिम्फोमासाठीचा नमुना आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात किंवा ते नसेल तर सलाइनमध्ये, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी फ्लो सायटोमेट्रीला. बाहेरगावी पाठवायचा असेल तर शनिवारी दुपारी हे काम काढू नका.

गाठ मधोमध सडलेली असेल, जे आपल्याकडे टीबीत नेहमीचंच, तर पास कमी आणि नेमके करा, कडेच्या जिवंत भागातून. सुई तोंडातल्या लाळेतून गेलेल्या दुर्बिणीतून जाते, त्यामुळे घशातली लाळ दुर्बिणीने खेचू नका, वेगळ्या सक्शनने काढा. सगळ्यांना सरसकट अँटिबायोटिक देण्याची गरज नाही. टीबीची शंका असलेल्या प्रत्येक प्रकरणात खोलीतल्या सगळ्यांना एन95, आणि हवा खेळती हवी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बाहेरून, सीटीखाली सुई ही ईबसपेक्षा सुरक्षित नाही, तिची वाट वेगळी आहे. छातीच्या पुढच्या कप्प्यातली मोठी गाठ, थायमसची शंका, 6 स्टेशन, किंवा जाड तुकडा हवाच असलेला लिम्फोमा, इथे ती बरी. फुप्फुसाला न शिवता जायची वाट शोधणं हीच तिथली सगळी कला. उरोस्थीच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर आतल्या अंगाने स्तनधमनी आणि शीर खाली जातात. सुई त्यांच्या आतून किंवा बाहेरून, पण त्यांना चुकवून. वाट अरुंद असेल तर बारीक सुईने 10–20 मिली सलाइन त्या चरबीत सोडलं की आवरण बाजूला सरकतं आणि जागा तयार होते. मागून जायचं तर मणक्याच्या उजव्या कडेने, डावीकडे महाधमनी असते. बाहेर 17 गेजची नळी आणि आतून 18 गेजची तुकडा घेणारी सुई ठेवली की छातीचं आवरण एकदाच भेदलं जातं. ही सुई खटका दाबल्यावर 1 ते 2 सेंटिमीटर पुढे उडी मारते, म्हणून टोकापुढे तेवढं अंतर मोकळं आहे ना हे खटक्याआधी मोजायचं. बाहेरची नळी क्षणभरही उघडी ठेवू नका. स्टायलेट काढली की बोट ठेवा आणि रुग्णाला श्वास रोखायला सांगा, कारण हवा फुप्फुसाच्या शिरेत शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. तसं झाल्याची शंका आली तर रुग्णाला उठवू नका, आडवाच ठेवून 100 टक्के ऑक्सिजन द्या.

ईबसनंतर दोन तास खाणंपिणं बंद, कारण घसा बधिर असतो आणि पाणीही चुकीच्या वाटेने जातं. प्रत्येकाचा एक्स-रे काढायची गरज नाही. सोबत फुप्फुसाचा तुकडा घेतला असेल किंवा छातीत दुखत असेल तर काढा. सीटीखालच्या बायोप्सीनंतर मात्र रुग्णाला टोचलेली बाजू खाली ठेवून झोपवा आणि एक-दोन तासांनी एक्स-रे पाहाच. घरी जाताना नातेवाइकांना फोन नंबर लिहून द्या आणि सांगा: त्याच दिवशी हलका ताप येऊ शकतो, पण दोन दिवसांनंतरही ताप, गिळताना दुखणं किंवा छातीच्या मधोमध दुखणं असेल, तर चार आठवड्यांनी का होईना, लगेच परत या. मध्यछातीतला संसर्ग उशिरा डोकं वर काढतो, आणि तेव्हा पहिली तपासणी सीटीची करायची.

अहवाल आला की शेवटच्या ओळीआधी एक गोष्ट वाचा: नमुन्यात लिम्फोसाइट आहेत का? नसतील तर तो नमुना गाठीतला नाही, मग खाली कर्कपेशी नाहीत असं लिहिलेलं असलं तरी त्याला निगेटिव्ह म्हणायचं नाही. लिम्फोसाइट आहेत, कर्कपेशी नाहीत, पण सीटी आणि रुग्ण पाहून शंका तशीच आहे, तर एकेटीची चिठ्ठी लिहायच्या आधी छातीच्या सर्जनना मेडियास्टिनोस्कोपीसाठी (मानेखाली छेद देऊन दुर्बिणीने मध्यछातीतली गाठ काढून पाहण्यासाठी) फोन करा.